बेबीची सही

४ जून

बेबी,

वरती आधी 'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं. मग तो कागद फाडला. अकरा वर्षांनी पत्र लिहायचं आणि पहिल्याच ओळीत थोरलेपण मिरवायचं, हे बरं दिसेना. म्हणून नुसतंच बेबी.

पत्ता तुमच्या आत्यांकडून घेतला. त्यांच्यावर चिडू नकोस. त्या देतच नव्हत्या; मीच त्यांच्याकडे तासभर ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे त्यांनी डायरी काढली. फोन मी तीनदा केला होता. पहिल्यांदा तू 'हॅलो' म्हणालीस, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. पुढच्या दोन्ही वेळी नुसतीच रिंग वाजत राहिली. पत्र मात्र कोणी न उघडता फाडलं तरी फाडायच्या आधी हातात घ्यावंच लागतं, एवढ्या आशेवर लिहितेय.

काम पडलं की वहिनीला नणंद आठवते, असं तू म्हणशील. म्हण. काम पडलंय हे खरंच आहे.

आपल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला आता 'माहिती व्यवस्थापन विभाग' म्हणतात. पाटी बदलली, आतली धूळ तीच आहे. अर्धी रॅक काढून तिथे संगणक मांडलेत. नवीन नियम असा निघालाय की विभागाच्या प्रमुखाकडे या कामाचं रीतसर प्रमाणपत्र हवं. देशभरातल्या रेकॉर्डवाल्यांची एक संस्था आहे, ती परीक्षा घेऊन देते. वर्षअखेरपर्यंत मिळालं नाही तर मला चौकशीच्या खिडकीवर बसवणार. सत्तावीस वर्षं काढल्यावर 'डोळ्यांचा विभाग कुठे आहे' हे लोकांना सांगत बसायचं! माझ्या हाताखाली एक मुलगी आलीय, एकोणतीस वर्षांची, जाड चष्म्याची. आम्ही सगळे तिला चष्मेवालीच म्हणतो. तिच्याकडे प्रमाणपत्र आधीपासून आहे. मुलगी गुणी आहे, मला उलट बोलत नाही. पण कधी कधी माझ्या खुर्चीकडे अशी बघते, जसं आपण दुकानात कापडाचं माप बघतो.

परीक्षेचं मी बघून घेईन. अडचण दुसरीच आहे. अर्जाला दोन शिफारसपत्रं लागतात. एक वरच्या साहेबाचं, आणि एक अशा माणसाचं, ज्याने माझ्या हाताखाली किमान पाच वर्षं काम केलंय. संस्थेचं म्हणणं असं, की वरच्याला माणूस कसा दिसतो आणि खालच्याला कसा दिसतो, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आता आमच्याकडे सगळी कंत्राटी माणसं, अकरा महिन्यांची. चेहरा लक्षात राहीपर्यंत ती गेलेली असतात. रजिस्टरं उलटसुलट करून पाहिली. पाच वर्षांच्या वर माझ्या हाताखाली एकच व्यक्ती होती. तू. सहा वर्षं, दोन महिने.

फॉर्म सोबत ठेवलाय. दहा चौकटी आहेत, त्यात खुणा करायच्या आणि खाली सही. परतीचं पाकीटही तिकीट लावून ठेवलंय. त्यावर पत्ता ऑफिसचा घातलाय, घरचा नाही, तेवढं लक्षात असू दे. मी तुला लिहिलंय हे तुझ्या दादांना माहीत नाही.

ते बरे आहेत. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. गुडघा धरतो अधूनमधून. आमची लेक नोकरीला लागली.

जुना विषय मी काढत नाही. तूही काढू नकोस.

वहिनी


३० जून

बेबी,

तुझं उत्तर नाही. आत्या म्हणाल्या की तू हल्ली पार्सलच्या गोदामात नोंदी ठेवायचं काम करतेस, सकाळी सातला घर सोडतेस. वेळ मिळत नसेल. का तेही मीच माझ्या सोयीने ठरवतेय, कोण जाणे.

मी क्लासला जायला लागलेय. दर शनिवारी चार तास. वर्गात एकवीस जण, त्यात माझ्याहून मोठं कोणी नाही. शिकवणारी मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले, तर एक जण उठून म्हणाला, 'मॅडम, बसा ना पुढे, आम्ही गप्पच बसलो होतो.' त्याला वाटलं मीच शिकवणारी. चांगलं हसं झालं माझं.

शिकवतात ते मात्र आपलंच. कागद कधी जन्मतो, कुठे ठेवायचा, कोणी बघायचा, कधी नष्ट करायचा. आपण जे हाताने करत होतो त्याला भारदस्त नावं दिलीत, एवढंच. सुरुवातीला मला नावं पाठ होईनात. मग मी प्रत्येक नावापुढे आपल्या रेकॉर्ड रूममधला एकेक कोपरा आठवायला लागले, तेव्हा जमलं.

गेल्या आठवड्यात मॅडमने सगळ्यांना घरचा अभ्यास दिला: तुमच्या कामात झालेली एखादी गंभीर चूक, एका पानात. बाकीच्यांनी संगणक बंद पडला, पाणी गळून कागद भिजले, असलं काहीबाही लिहिलं. मी काय लिहिलं ते इथे तसंच उतरवते, म्हणजे मी कसं लिहिते ते तुला कळेल.

'एका हॉस्पिटलात एका सुताराच्या ऑपरेशनची फाइल होती, क्रमांक ४१८६. एका विशिष्ट इंजेक्शनने या माणसाचा श्वास अडकतो, असं तिच्यात लाल शाईने लिहिलेलं होतं. महिनाभराने तोच सुतार अपघात होऊन, बेशुद्ध अवस्थेत, एकटाच दाखल झाला. डॉक्टरांनी फाइल मागवली. ती जागेवर नव्हती. तेच इंजेक्शन दिलं गेलं. तो सोळा दिवस यंत्रावर होता. जगला, पण उजव्या हाताची पकड कायमची गेली. चौकशी झाली. वॉर्डातून फाइल परत आल्याची शेवटची नोंद एका कनिष्ठ कर्मचारी महिलेच्या सहीची होती. तिला कामावरून काढण्यात आलं.'

मॅडमने ते वर्गात मोठ्याने वाचलं. मग मला म्हणाली, 'पण काकू, परत आल्याची सही आहे, म्हणजे फाइल आली होती. मग ती रॅकवर लावली कोणी?'

मी म्हणाले, 'आठवत नाही.'

'आणि पुढे सापडली का ती?'

'हो.' हे माझ्या तोंडून निघून गेलं. अडवेपर्यंत बाहेर.

'कधी?'

'चार वर्षांनी. सगळ्या फाइली स्कॅन करायला घेतल्या तेव्हा.'

'म्हणजे हरवलीच नव्हती. चुकीच्या जागी होती.' तिने फळ्यावर ते वाक्य लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. तास संपल्यावर मला थांबवून म्हणाली की संस्थेचं वार्षिक संमेलन असतं, तिथे असे अनुभव मांडता येतात. निवड झाली तर जाण्यायेण्याची सोय तेच करतात आणि प्रमाणपत्रासाठी जादा गुण मिळतात. 'तुम्ही हे पाठवाच,' म्हणाली. मी पाठवलं.

तर बेबी, ती फाइल सापडली होती. तुला कळवायचं राहून गेलं. सात वर्षं राहून गेलं.

फॉर्मची मुदत ऑगस्टअखेर आहे.

वहिनी


२१ जुलै

बेबी,

तुझं पाकीट सोमवारी आलं. टपाल वाटणाऱ्याने सगळ्यांदेखत माझ्या टेबलावर टाकलं. उघडलं तर माझाच फॉर्म, कोराच्या कोरा. उलटवून पाहिला तर मागे तुझं अक्षर, दोनच शब्द:

'कोणत्या रॅकला?'

सहा वर्षं मी तुला शिकवलं, आणि तू विचारलंस ते नेमकं तेच, जे कोणालाही आधी विचारायला हवं होतं. चौकशी समितीत तीन मोठी माणसं होती. फाइल सापडल्यावर हे विचारायला त्यांच्यातलं कोणी जागेवर नव्हतं, आणि मी आपणहून सांगितलं नाही.

४१६८च्या रॅकला सापडली, बेबी. आठ आणि सहा उलटे. तिच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलची बारीक खूण होती. फाइल रॅकवर लावणाऱ्याने आपली खूण करायची, हा नियम माझाच. तू फुली करायचीस. मी अर्धगोल करते. तो अर्धगोल होता.

आता सुरुवात केलीच आहे तर पुढचंही लिहिते.

तो गुरुवार होता. साडेचारला ट्रॉली आली, तिच्यावर एकोणतीस फाइली. तू एकेक मोजून परत आल्याच्या सह्या केल्यास. तुझ्या मुलाच्या शाळेत पाचला बोलावलं होतं, तू घड्याळाकडे बघत होतीस. मी म्हणाले, 'जा तू, मी लावते.' तू म्हणालीस, 'वहिनी, एवढ्या सगळ्या?' मी म्हणाले, 'अगं जा, एकोणतीस म्हणजे काही डोंगर नाही.' मी लावल्या. डोकं ठिकाणावर नव्हतं, कारण प्रमुखाच्या जागेची मुलाखत पुढच्या महिन्यात होती आणि मी मनातल्या मनात उत्तरं घोकत होते. 

पुढे चौकशीत तू त्यांना हे सगळं सांगितलंस. शब्दन् शब्द खरं सांगितलंस. त्यांनी मला विचारलं, 'तुम्ही लावल्या का?' मी म्हणाले, 'मला तसं आठवत नाही.'

मला आठवत होतं. त्या दिवशीही आठवत होतं आणि गेल्या महिन्यात वर्गात मॅडमला तेच उत्तर दिलं तेव्हाही आठवत होतं. मी स्वतःला इतकी वर्षं एक समजूत घालत आले: लावल्या मी, पण चूक माझ्याच हातून झाली हे कुठे सिद्ध झालंय? कोणीतरी नंतर काढून नेली असेल, वॉर्डात राहिली असेल. या 'असेल'वर मी चार वर्षं काढली. मग तो अर्धगोल समोर आला.

त्या दिवशी मी एकटीच होते रॅकपाशी. फाइल काढली, योग्य जागी लावली, रजिस्टरमध्ये 'फाइल क्र. ४१८६ सापडली, ४१६८च्या रॅकवर' असं तारखेसकट लिहिलं, सही केली. नियमाने जे करायचं ते सगळं केलं. फक्त कोणाला सांगितलं नाही. रजिस्टर कोण वाचतं? मी घरी आले, जेवले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तोवर मी प्रमुख होऊन चार वर्षं झाली होती. तुला कुठल्याही हॉस्पिटलात काम मिळत नव्हतं, सेवापुस्तकावर 'निष्काळजीपणा' असा शेरा होता. हे मला ठाऊक होतं, कारण आत्या प्रत्येक वेळी सांगायच्या आणि मी विषय बदलायचे.

दादांचं काय ते तुला माहीतच आहे. तू आमच्या घरी येऊन त्यांना सांगत होतीस आणि ते ओरडत होते, 'स्वतः घोटाळा करायचा आणि माझ्या बायकोला त्यात ओढायचं? पुन्हा या घराची पायरी चढू नकोस.' मी स्वयंपाकघरात होते. मधे एक पडदा, बस. बाहेर यायला चार पावलं लागली असती.

तुझा फॉर्म मी पुन्हा पाठवत नाही. तो तू भरायचा नाहीस, हे मला कळलं. 

माझा अनुभव संमेलनासाठी निवडला गेलाय. यंदा ते तीन शहरांत आहे, त्यातलं एक तुझं. आपल्याला सोयीचं ठिकाण निवडा म्हणाले. मी तुझं निवडलं. सोयीचं होतं म्हणून नाही. १८ ऑगस्ट, शनिवार, दुपारी अडीच वाजता माझी पाळी आहे. प्रवेशाचं कार्ड सोबत ठेवतेय. येच, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

वहिनी


२६ ऑगस्ट

बेबी,

तू आली होतीस. तरी सगळं लिहिते, कारण माझ्या बाजूला काय चाललं होतं ते तुला शेवटच्या रांगेतून दिसलं नसेल.

दादा मला बसवर सोडायला आले होते. शेजारच्या काकांना वाटेत थांबवून सांगत होते, 'पेपर वाचायला चाललीय आमची बायको, मोठ्या संमेलनात.' बस सुटताना खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, 'तिथे कोणाला भेटायला जायचं नाही.' नाव घेतलं नाही. मी मान हलवली.

तुमच्याकडचं सभागृह मोठं. गळ्यात नावाची पट्टी अडकवून दोनशे माणसं फिरत होती. बँकेतले, कोर्टातले, ग्रंथालयातले, जमिनीच्या नोंदींच्या कचेरीतले. मला आजवर वाटायचं की धुळीने शिंका येणारी जात आपलीच. तिथे सगळेच शिंकत होते. कोर्टातल्या एका बाईंनी मला त्यांच्या उंदरांची हकीकत सांगितली, मी त्यांना आपल्या वाळवीची सांगितली. अर्ध्या तासात आम्ही मैत्रिणी झालो. इतकी वर्षं घरात 'काय तुझं ते कागदांचं काम' असं ऐकायची सवय. तिथे त्याच कामाबद्दल लोक वही काढून लिहून घेत होते. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही. आणि तेवढ्यासाठीच पुढचं सगळं जास्त लाजिरवाणं आहे.

बारा मिनिटं मी बोलले. लेकीने करून दिलेली चित्रं पडद्यावर येत होती. नोंदीची सही वेगळी आणि रॅकवर लावणाऱ्याची सही वेगळी हवी, हा माझा मुद्दा. तो सगळ्यांना पटला. मी ठरवून आले होते की शेवटी सांगायचं. कागदावर वाक्य लिहूनही ठेवलं होतं: 'ती फाइल लावणारी व्यक्ती मी होते.' ते वाक्य आलं आणि माझ्या तोंडून 'धन्यवाद' निघालं.

मग प्रश्न सुरू झाले. कानाला यंत्र लावलेले एक म्हातारे गृहस्थ उठले.

'ज्या बाईंना काढलं, त्यांचं पुढे काय झालं?'

'त्यांना या क्षेत्रात पुन्हा काम मिळालं नाही.'

'आणि जिने फाइल चुकीच्या जागी लावली, तिचं?'

'ती विभागप्रमुख झाली.'

सभागृहात कुजबुज झाली. ते म्हणाले, 'तुम्ही ओळखता तिला?'

इथे खरं तर देवाने दुसऱ्यांदा दार उघडून दिलं होतं. मी म्हणाले, 'ओळखते. चांगलीच ओळखते.'

लोक हसले. त्यांना वाटलं मी साहेबावर टोमणा मारतेय. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्ये मला तू दिसलीस. केस पांढरे झालेत तुझे. तू उठून दाराकडे निघाली होतीस.

मी व्यासपीठावरून उतरले तशीच धावले. जिन्यात गाठलं तुला.

'बेबी, थांब ना.'

'बस चुकेल माझी.'

'चहा तरी घे.'

तू दोन पायऱ्या खाली होतीस. वर बघून म्हणालीस, 'छान बोललीस. दोनशे माणसांना सांगितलंस. दादाला सांगितलंस का?'

मी कठडा धरून उभी राहिले.

'तेव्हाही पडद्याआड अशीच उभी होतीस,' तू म्हणालीस आणि गेलीस.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. संध्याकाळी निकाल लागला, माझ्या निबंधाला दुसरं बक्षीस. काचेचं स्मृतिचिन्ह दिलं, जड आहे. घरी आले तर दादांनी ते माझ्या हातातून घेतलं, पुसलं आणि टीव्हीशेजारी ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. परवा गॅसवाल्यालाही दाखवलं.

परत येऊन आठ दिवस झाले. मी त्यांना सांगितलेलं नाही. हे पत्र एवढंच कबूल करायला लिहितेय.

वहिनी


१८ सप्टेंबर

बेबी,

हे पत्र रजिस्टर करून पाठवतेय, कारण वेळेत पोचायला हवं. शेवटचा भाग नीट वाच. घाई असेल तर आधी तोच वाच.

पहिल्यांदा मी अधीक्षक साहेबांकडे गेले. नवऱ्यापेक्षा साहेब सोपा वाटला. दोन्ही रजिस्टरं, फाइल आणि माझा लेखी जबाब त्यांच्या टेबलावर ठेवला. ते सहा महिन्यांत रिटायर होणार आहेत. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, 'बाई, अकरा वर्षांपूर्वीचं. आता कशाला उकरून काढताय?'

मी म्हणाले, 'साहेब, ज्यांना काढलं त्यांचं आयुष्य अजून चालू आहे.'

ते पेनची उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, 'समितीपुढे ठेवतो.' पंधरा दिवस लागले. तुझ्या सेवापुस्तकावरचा शेरा रद्द केल्याचं पत्र निघालंय, हॉस्पिटलच्या शिक्क्यानिशी. मूळ प्रत तुला वेगळ्या टपालाने येईल, नक्कल इथे जोडलीय. 'चौकशीत नोंदवलेला निष्कर्ष चुकीचा होता' असं त्यात स्पष्ट लिहून घेतलंय. पहिल्या मसुद्यात 'संशयाचा फायदा देऊन' असं होतं. मी ते खोडायला लावलं. संशय नव्हताच.

सुताराच्या घरीही जाऊन आले. पत्ता फाइलमध्येच होता. त्याच्या सुनेने दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, 'बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत म्हणायचे, माझं काय चुकलं म्हणून माझा हात गेला. त्यांना हे कळायला हवं होतं.' आणि दार लावून घेतलं. मी तिच्या जागी असते तर दार उघडलंच नसतं.

माझी परीक्षा झाली. एकाहत्तर गुण, वर्गात चौथी. अर्जात एक प्रश्न असतो: तुमच्या चुकीची शिक्षा दुसऱ्या कोणाला भोगावी लागली आहे का. आधी मी त्यावर 'नाही' लिहिलं होतं. ते बदलून, दुसऱ्या शिफारसपत्राची जागा कोरी ठेवून अर्ज पाठवला. संस्थेचं उत्तर आलं की प्रमाणपत्र दोन वर्षं थांबवण्यात येत आहे, त्यानंतर पुन्हा विचार होईल. बक्षीस त्यांनी परत मागितलं नाही, मीच पाठवून दिलं. चष्मेवाली सोमवारपासून माझ्या खुर्चीत बसते. मी चौकशीच्या खिडकीवर. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी डोळ्यांचा विभाग विचारला. सांगितला. त्यात काही मरण येत नाही.

आता दादांचं.

९ तारखेला, रविवारी, सकाळची वेळ होती. ते खिडकीशी बसून चष्म्याचा निखळलेला स्क्रू बसवत होते. मी समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. गुरुवार, ट्रॉली, मुलाखत, अर्धगोल, सात वर्षं. मधे कुठेही थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे गेले नसते.

त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, 'तिने मला तीनदा सांगितलं होतं.'

'हो.'

'मी तिला काय काय बोललो, ते तू ऐकत होतीस.'

'हो. मी आतच होते.'

तो स्क्रू त्यांच्या हातातून खाली पडला. बारीक, तांदळाच्या कणीएवढा. आम्ही दोघं फरशीवर गुडघे टेकून तो शोधत होतो. एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं, म्हणून बराच वेळ शोधला. सापडला नाही. ते उठले, चप्पल घातली आणि तसेच, चष्म्याशिवाय बाहेर गेले. दोन तासांनी आले. जेवले नाहीत.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. लेकीने विचारलं, 'आई, काय झालंय?' तिलाही सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, 'बेबीआत्या माझ्या वेण्या घालायची.' मला ते आठवतच नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

'पत्ता आहे तिचा?'

मी दिला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला.

'मी पण येऊ का?' मी विचारलं.

'नको. तुझं तू तिला लिहिलंयस. माझं मला तिच्यासमोर उभं राहून बोलायचंय.' मग म्हणाले, 'ती दार उघडेल ना गं?'

मला काय माहीत, बेबी? मी म्हणाले, 'माहीत नाही.' निदान या वेळी खरं उत्तर दिलं.

तर आता नीट वाच. येत्या शनिवारी, २२ तारखेला, सकाळी सव्वानऊच्या बसचं तिकीट काढलंय त्यांनी. तुमच्या स्टँडवर बस तीनच्या सुमाराला पोचते. तुझं घर त्यांनी पाहिलेलं नाही, आणि वाट विचारायची त्यांना लाज वाटते, हे तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. तू घ्यायला आली नाहीस तर ते स्टँडवरच बसून राहतील आणि संध्याकाळच्या बसने परत येतील. तसं झालं तर मी तुला बोल लावणार नाही आणि त्यांनाही लावू देणार नाही.

पण आलीस तर सांगून ठेवते. ते फार वाळलेत, केस गेलेत, काठी घेतात. हातात निळी पिशवी असेल. गर्दीत तुला चटकन ओळखू यायचे नाहीत. लांबून 'दादा' म्हणून हाक मार. तुझ्याशिवाय त्यांना कोणी तसं म्हणत नाही. अकरा वर्षांत ती हाक त्यांच्या कानावर पडलेली नाही. पडली की वळतील.

वहिनी